आधी वाचून दाखवा, मग अंगठा घ्या!

डहाणू किंवा तलासरीतल्या कोणत्याही सेवा केंद्रात तासभर नुसते उभे राहा. पाड्यावरून सकाळीच निघालेली बाई रांगेत असते. नंबर आला की केंद्रावरचा पोरगा मशीन पुढे सरकवतो. "आजी, अंगठा ठेव." आजी अंगठा ठेवते. स्क्रीनवर दहा-पंधरा ओळी चमकून जातात. त्यात तिची संमती असते, तिचे घोषणापत्र असते, माहिती खोटी निघाली तर कारवाईला तयार असल्याची कबुलीही असते. हे सगळे आजीच्या नावावर जमा होते. तिच्या कानावर मात्र त्यातला एक शब्दही पडत नाही.

साथींनो, हा अंगठा या मातीला नवा नाही. १९४५ साली तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालचे ते आंदोलन लाल बावट्याचे होते. आपला झेंडा निळा आहे, मतभेद आहेत, ते राहतील. पण त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपलाच आहे. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवरा-बायको दोघेही 'लग्नगडी' म्हणून सावकाराकडे राबत. जमिनी गेल्या त्या कागदांवर, आणि त्या कागदांवर अंगठे वारल्यांचेच होते. कागदात काय लिहिले आहे हे ज्याचा अंगठा होता त्यालाच ठाऊक नव्हते. तेव्हा शाईचे पॅड होते, आज बायोमेट्रिक मशीन आहे. वाचून दाखवणारा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

आता कुणी म्हणेल, आज तंत्रज्ञान आहे की! खरे आहे, आहे. लिहिलेला मजकूर आवाजात वाचून दाखवणारी साधने आता फुकट मिळतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली ते सुरू केले, कारण बाजारातली अशी साधने सामान्य अंध माणसाच्या खिशाबाहेरची होती. ही साधने मराठी वाचतात. केंद्र सरकारची २०२२ पासूनची 'भाषिणी' योजना तर भारतीय भाषांतले भाषांतर आणि आवाज याच कामासाठी आहे. मग तलासरीच्या आजीपर्यंत आवाज का पोहोचत नाही?

कारण साधन वाचते ते अक्षर. फोटोतला मजकूर त्याला भरवशाने वाचता येत नाही. सरकारी कचेरीत काय होते बघा. परिपत्रक संगणकावर टाइप होते. मग त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, कागद पुन्हा स्कॅन होतो आणि ते चित्र संकेतस्थळावर चढते. डोळस माणसाला ते पान दिसते, वाचून दाखवणाऱ्या साधनाला तिथे एक चौकोन दिसतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये नसतो, जुन्या फॉन्टमध्ये असतो. साधन तो वाचायला गेले की निरर्थक अक्षरांचा कचरा ऐकू येतो. पान मराठी आहे अशी खूण कोडमध्ये घातलेली नसली, तर इंग्रजीचा आवाज मराठी अक्षरांवरून उड्या मारत जातो. बटणांना नावे दिलेली नसली, तर अंध माणसाला नुसते 'बटण, बटण, बटण' ऐकू येते. आणि एवढे करून कुणी अर्जाच्या शेवटापर्यंत पोहोचलाच, तर तिथे चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून भरण्याची अट असते. अंध माणसाने माणूस असल्याचा पुरावा डोळ्यांनी द्यायचा!

यातली एकही गोष्ट अवघड नाही. टाइप केलेला मजकूर टाइप केलेलाच ठेवायचा, एवढेच करायचे आहे. त्याला निधी लागत नाही. आपल्यापलीकडे कुणी ऐकणारा आहे, ही जाणीव लागते. ती या व्यवस्थेच्या स्वभावातच नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला जी शास्त्रे उघडून दाखवली, त्यांतले गौतम धर्मसूत्र आठवा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापवलेले कथील आणि लाख ओतावी, अशी शिक्षा त्यात आहे. नीट लक्ष द्या. वाचणे पुढची गोष्ट, इथे ऐकणेच गुन्हा होते. ज्ञानाची नाकेबंदी कानापासून सुरू झाली. आज कुणी कथील ओतत नाही, हे संविधानाचे उपकार. पण नियम, अटी, यादी, मुदत हे सगळे अशा रूपात ठेवायचे की ज्याला अक्षर दिसत नाही किंवा येत नाही त्याला ते ऐकताही येऊ नये, याचा परिणाम काय होतो? माहिती मधल्या माणसाच्या हातात राहते. तो सांगेल तेवढेच खरे. तो मागेल तेवढे पैसे. कालचा सावकार वहीचा मालक होता, आजचा दलाल पासवर्डचा मालक आहे.

"कायदा आहे का?" असे आपली पोरे विचारतात. आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम ४२ नुसार श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम रूपात मिळेल हे पाहणे सरकारवर बंधनकारक आहे. कलम ४६ ने सरकारी आणि खासगी सेवा देणाऱ्यांना नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०१९ ला संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतला नियम १५ कायद्याविरुद्ध ठरवला, कारण त्याने सुगमतेची मानके सक्तीची न ठेवता नुसत्या शिफारशींवर आणून ठेवली होती. आणि ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातल्या पीडित होत्या, अंध व्यक्ती होत्या. पण न्यायालयाने खेड्यातली माणसे, वृद्ध, गरीब आणि भाषिक अल्पसंख्याक यांचाही उल्लेख केला. तलासरीची आजी या यादीत चारही बाजूंनी बसते.

आणखी एक साधी गोष्ट. पोलिसांतला जबाब असो की प्रतिज्ञापत्र, शेवटी एक ओळ असते: मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी वाचून दाखवायचे, हे तत्त्व कोर्ट-कचेरीत जुने आहे. ते पाळले जाते की नाही हा वेगळा मुद्दा, पण नाकारण्याची हिंमत कुणाची नाही. मग ई-केवायसीच्या संमतीला हे तत्त्व का लागू नाही? रेशन, पेन्शन, लाडकी बहीण, शेतकऱ्याचा सन्मान निधी, सगळीकडे अंगठा किंवा ओटीपी मागता. घेण्याआधी तोच मजकूर मशीनने मोठ्याने बोलून दाखवला, तर सरकारचे काय जाते?

आता आक्षेप येतील. पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. "बाबासाहेबांनी शिका म्हटले, तुम्ही ऐका म्हणता. लोकांना कायमचे अडाणी ठेवणार का?" हा आक्षेप इतिहास विसरतो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे. जलसे आणि शाहिरांनी चळवळ गावोगाव नेली ती कानांतूनच. ऐकून जागी झालेली माणसेच पुढे पोरांना शाळेत घालायला निघाली. शिक्षण हवेच, पण सत्तर वर्षांच्या बाईला आधी साक्षर हो, मग तुझा हक्क कळवतो, असे म्हणणे म्हणजे तिचा हक्क बुडवणे. आणि जो जन्मांध आहे, त्याला काय सांगणार?

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. "आमच्या साइटवर बटण आहे." हो, पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात एक चिन्ह चिकटवलेले असते. दाबले की अक्षर मोठे होते, रंग बदलतो, कधी मेनूतले चार शब्द बोलले जातात. ज्या पीडीएफमध्ये लाभार्थ्यांची यादी आहे, ती मात्र मुकीच. मूळ पान तसेच ठेवून वर बटण लावणे म्हणजे तीन पायऱ्यांच्या दारावर व्हीलचेअरचे चित्र लावणे. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तेव्हा माहीत नव्हते, हे उत्तर चालणार नाही.

तिसरा मुद्दा आक्षेप नाही, इशारा आहे. आवाज आला म्हणजे अर्थ पोहोचला असे नाही. तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊच्या आसपास आदिवासी आहेत, डहाणूतही ते बहुसंख्य. घरात वारली बोलली जाते, कुठे कोकणा, कुठे धोडिया. बातम्या वाचल्यासारख्या प्रमाण मराठीत 'उपरोक्त योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी' असे मशीन बोलले, तर आजीला ते इंग्रजीइतकेच लांबचे. वारली आठव्या अनुसूचीत नाही. म्हणून २२ भाषांच्या कोणत्याही योजनेत ती बसत नाही. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायला सांगितले. त्या चांगल्या निकालातही वारली बाहेरच राहिली. २०२५ मध्ये आदिवासी भाषांसाठी केंद्राचे 'आदिवाणी' आले. संथाली, भिली, मुंडारी, गोंडी यांच्यापासून सुरुवात झाली. तिथेही वारली नाही.

वारली चित्र मात्र सगळीकडे आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज कचेरीच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर, कार्यक्रमपत्रिकेच्या काठावर वारली माणसे तारपा वाजवत नाचतात. वारल्यांचे चित्र यांना हवे आहे. वारल्यांचा आवाज नको आहे.

हा विषय नुसत्या योजनांचा नाही, जमिनीचा आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येते आहे, ७६,२२० कोटींचे. बुलेट ट्रेन आणि द्रुतगती महामार्ग याच तालुक्यांतून जातात. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल शेकडो पानांचा असतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत लागतो तो फक्त सारांश. मग जनसुनावणीला मच्छीमार आणि आदिवासी येतात, तेव्हा त्यांच्या हातात काय असते? डहाणू आणि तलासरी दोन्ही पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करायला सांगतो. जे ऐकलेच नाही, त्यावर विचार कसा करायचा आणि विनिमय कशाचा करायचा?

म्हणून कार्यकर्त्यांनी चार कामे हातात घ्यावीत.

एक. फोनमधले टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि सरकारी संकेतस्थळावरचा एक अर्ज भरून पाहा. कुठे अडले ते रेकॉर्ड करा. तो पुरावा जोडून पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, माहितीच्या अधिकारात त्या विभागाला जाब विचारा. हे काम अंध साथीला सोबत घेऊन करा, त्याच्या नावावर नको.

दोन. ग्रामसभेत ठराव घ्या: ज्याचा मजकूर गावाच्या बोलीत मोठ्याने वाचला गेला नाही, त्याला या गावाची संमती समजू नये.

तीन. वारली, कोकणा बोलीतला मजकूर इथल्याच पोरापोरींच्या आवाजात रेकॉर्ड करून घेण्याची मागणी करा. साध्या फोनवर नंबर लावला की ऐकू यावा असा, कारण पाड्यावर इंटरनेट धड नसते आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर'ने २०१० पासून गोंडी माणसांना फोनवरून बोलते-ऐकते केले. ते तिथे झाले, तर इथेही होईल. आणि त्या पोरांना कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. बोलीची वेठबिगारी नको.

चार, आणि हे आपल्यासाठी. १४ एप्रिलचे, ६ डिसेंबरचे आपले पोस्टर बघा. मोर्चाची वेळ, ठिकाण, मागण्या, सगळे एका चित्रात आणि ते चित्र दीडशे ग्रुपवर. आपल्यातल्या अंध भीमसैनिकाच्या फोनवर फक्त 'फोटो' एवढेच ऐकू येते. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या ज्या प्रती आपण एकमेकांना पाठवतो, त्यांतल्या कितीतरी स्कॅन केलेल्या, म्हणजे त्याच्यासाठी मुक्याच. सरकारला जाब विचारण्याआधी चित्राखाली चार ओळी टाइप करायला आजपासून शिकू या. आपल्या दारात आपणच कुणाला बाहेर उभे करत असू, तर समतेचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

उद्या पुन्हा त्या केंद्रात आजी येईल. मशीन पुढे सरकेल. तेव्हा तिच्या शेजारी आपल्यातला कुणीतरी उभा असावा आणि त्याने शांतपणे म्हणावे, "थांब भाऊ. आधी वाचून दाखव."

जय भीम! जय जोहार!