पद प्रवेशाचे, अट अनुभवाची!

‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट पाहिजेत. पद प्राथमिक स्तराचे. अनुभव किमान दोन वर्षे.’ अशा धाटणीच्या जाहिराती नोकरीविषयक संकेतस्थळांवर इतक्या नेमाने दिसू लागल्या आहेत, की त्यातील विसंगती आता कुणाला खटकेनाशी झाली आहे. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याने आधीच्या नोकरीचा दाखला आणावा, अशी ही अपेक्षा! तरीही या पदाकडे वळणाऱ्यांची रांग आखूड होत नाही. प्रोग्रॅमिंगची आवड नसलेले अभियंते, वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे पदवीधर, बँकेच्या बॅक ऑफिसात काही वर्षे काढलेले कर्मचारी आणि बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीकडे परतू पाहणाऱ्या महिला अशा सर्वांनाच ‘कोडिंगशिवाय आयटीत’ नेणारा हा रस्ता वाटतो. रस्ता खरा आहे. मात्र त्याचे प्रवेशद्वार जाहिराती दाखवतात तेथे बहुधा नसते. ही गोष्ट वेळीच न उमगल्याने अनेकांची उमेदीची वर्षे आणि घरच्यांची पुंजी खर्ची पडते.

एक नाव, तीन नोकऱ्या

पहिला घोळ नावातच आहे. ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या नोकऱ्या नांदतात. मॅकिन्झीसारख्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत पदवीनंतर थेट घेतल्या जाणाऱ्या उमेदवाराचे हेच पदनाम असते. तेथील निवड मोजक्या नामांकित संस्थांमधून होते आणि सर्वसाधारण महाविद्यालयातील पदवीधराला ती वाट जवळपास बंदच असते. दुसरा प्रकार आकडेवारीचा. विक्री, ग्राहक, थकबाकी यांची माहिती एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय यांसारख्या साधनांनी चाळून व्यवस्थापनापुढे निष्कर्ष मांडणे, हे त्याचे काम. तिसरा प्रकार माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातला आणि बहुतेक प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातींत अभिप्रेत असलेला. व्यवसाय चालवणाऱ्या माणसाला नेमके काय हवे आहे ते समजून घेणे, ते प्रोग्रॅमरला कळेल अशा रीतीने लिहून देणे आणि तयार झालेली प्रणाली त्या गरजेला उतरते की नाही हे तपासून घेणे, अशी त्याची व्याप्ती आहे.

याशिवाय एक चौथा, फसवा प्रकार आहे. भारदस्त पदनाम देऊन प्रत्यक्षात फोनवरून विक्री करायला लावणारा. मुलाखतीत ‘दरमहा टार्गेट काय असेल?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी त्याचे सोंग बहुधा उघडे पडते.

तिसऱ्या प्रकारच्या कामाला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा मिळवून देण्याचा संघटित प्रयत्न तसा अलीकडचा. त्यासाठी कॅनडातील टोरांटो येथे २००३ मध्ये ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस’ ही संस्था स्थापन झाली. नवख्यांसाठी असलेल्या या संस्थेच्या ‘ईसीबीए’ या प्रमाणपत्राला कामाच्या अनुभवाची अट नाही. त्याच संस्थेच्या ‘सीबीएपी’ या वरिष्ठ प्रमाणपत्रासाठी मात्र दहा वर्षांच्या कालावधीत किमान ७,५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. पूर्णवेळ नोकरीच्या हिशेबाने ही साधारण चार वर्षे होतात. परीक्षेतून सिद्ध होणारे ज्ञान आणि कामातून येणारे कौशल्य यांत या व्यवसायाची संस्थाच किती अंतर मानते, हे त्यावरून दिसते.

एका ओळीची बातमी, डझनभर प्रश्न

हे अंतर कशामुळे पडते, ते अलीकडच्या एका निर्णयावरून समजून घेता येईल. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा पॉलिसींच्या हप्त्यांवरील कर माफ करण्याचा निर्णय घेतला. अंमलबजावणीची तारीख होती २२ सप्टेंबर. ग्राहकाच्या दृष्टीने ही एका ओळीची आनंदवार्ता होती. विमा कंपन्यांच्या संगणकप्रणालींना मात्र अवघ्या १९ दिवसांत नवी व्यवस्था अंगवळणी पाडायची होती.

हप्त्याची तारीख २० सप्टेंबरची, पण ग्राहकाने पैसे भरले २५ तारखेला. मग कर लावायचा की नाही? पुढील वर्षाचा हप्ता आगाऊ भरणाऱ्याचे काय? समूह विम्याला ही माफी लागू नव्हती. मग प्रणालीने वैयक्तिक आणि समूह पॉलिसी कोणत्या खुणेवरून ओळखायची? बँक खात्यातून परस्पर वळते होणाऱ्या हप्त्याची रक्कम कधी बदलायची? पावतीवरील कराचा रकाना शून्य दाखवायचा की काढून टाकायचा? विमा प्रतिनिधीच्या मोबाइलवर जुनाच दर दिसत राहिला तर ग्राहकाला उत्तर कोण देणार? शिवाय करमाफीमुळे कंपनीला खर्चावरील कराची जी वजावट मिळत होती ती सोडावी लागणार, त्याची नोंद हिशेबात कोठे करायची?

यातला एकही प्रश्न प्रोग्रॅमरने सोडवायचा नसतो. तो सुटल्यावर प्रोग्रॅमरचे काम सुरू होते. लेखा विभाग, विधी विभाग, ग्राहकसेवा आणि शाखा कार्यालय प्रत्येकजण आपापल्या परिभाषेत बोलतो, कधी कधी एकमेकांविरुद्धही बोलतो. त्यांना एका टेबलाशी बसवून, निर्णय लिहून घेऊन, त्यावर सर्वांची संमती मिळवणे हे विश्लेषकाचे खरे काम. फ्लोचार्ट काढणे पंधरा दिवसांत शिकता येते. समूह विमा वेगळा आहे, हे मुळात सुचावे लागते आणि ते विमा ठाऊक असलेल्यालाच सुचते. अनुभवाची अट सर्वस्वी लहरीपणाने घातलेली नसते, ती यासाठी. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

शिडीच्या खालच्या पायऱ्या

प्रश्न असा, की तो अनुभव मिळवायचा कोठे? पूर्वी त्याचे उत्तर सोपे होते. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला किंवा सपोर्टला लागायचे, दोन-तीन वर्षे ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायच्या, बैठकांची टिपणे काढायची आणि हळूहळू प्रणालीची नस ओळखायची. आज विश्लेषक म्हणून स्थिरावलेल्यांपैकी अनेकजण याच शिडीने वर आले. ही शिडी खालच्या बाजूनेच खिळखिळी होऊ लागली आहे.

आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ने, इन्फोसिसची २५,९९४ने आणि विप्रोची २४,५१६ने घटली. तिन्ही मिळून ही घट जवळजवळ ६४ हजारांची होते. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ही कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतील होती. अशी अनुभवी माणसे नोकरीच्या शोधात निघाली, की विश्लेषकाच्या जागेसाठी नवख्याची स्पर्धा आपल्यासारख्या नवख्याशी राहत नाही. ती बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवाशी होते.

दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेने नवख्याचे हातचे कामच उचलले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर बैठकीच्या ध्वनिमुद्रणावरून टिपण काढणे, गरजांचा पहिला मसुदा लिहिणे, चाचणीचे तक्ते करणे ही कामे काही मिनिटांत होऊ लागली. वरिष्ठांचा वेळ वाचला हे खरे. पण तीन तासांच्या बैठकीचे टिपण काढता काढता, कोण काय बोलले आणि का बोलले हे समजून घेण्याची जी उमेदवारी नवख्याच्या पदरात पडत असे, तीही त्याबरोबर गेली.

या चित्राला दुसरी बाजू आहे. परदेशी कंपन्यांनी भारतात थाटलेल्या ‘जीसीसी’ अर्थात जागतिक क्षमता केंद्रांची संख्या नॅसकॉम-झिनोव्ह यांच्या २०२४ मधील अहवालानुसार १,७०० हून अधिक होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे आणि मुंबई ही या केंद्रांची महत्त्वाची शहरे आहेत. बँकिंग, विमा, वाहननिर्मिती अशा क्षेत्रांतील या केंद्रांना व्यवसाय जाणणारी माणसे हवी असतात. म्हणजे मागणी आटलेली नाही. ती कोऱ्या पाटीपेक्षा भरल्या पाटीकडे झुकली आहे.

हमीचा बाजार

मागणी आणि प्रवेश यांमधल्या या फटीत प्रशिक्षणाचा मोठा बाजार उभा राहिला आहे. तीन महिन्यांत बिझनेस अ‍ॅनालिस्ट, शंभर टक्के नोकरीची हमी, शुल्क हप्त्यांत भरण्याची सोय, असा त्याचा साचा ठरलेला. यातील काही वर्ग मनापासून शिकवतातही. पण हमी देणाऱ्याच्या हातात नोकऱ्या नसतात, हे साधे सत्य कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या पालकांना उशिरा उमगते. नोकरी न मिळाली तरी हप्ता मात्र चुकत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवडीच्या आणि नोकरीच्या हमीचे खोटे दावे करण्यास, तसेच यशस्वी विद्यार्थ्यांची नावे व छायाचित्रे त्यांच्या संमतीविना वापरण्यास त्यांत मनाई आहे. कागदावरचे हे संरक्षण उपयोगी पडायचे, तर प्रवेश घेण्यापूर्वीच हमीच्या अटी लेखी मागायला हव्यात. हमी कोणत्या पदाची, किती वेतनाची, किती मुदतीत आणि ती पाळली न गेल्यास शुल्क परत मिळणार का, या चार प्रश्नांना लेखी उत्तर नसेल, तर ती हमी नव्हे. ती जाहिरात समजावी.

बाजूचे दार

मग सुरुवात करायची कोठून? या व्यवसायाचे खरे दार बाजूला आहे आणि ते बहुधा कमी झगमगाटाच्या ठिकाणी उघडते. भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योगाचे उदाहरण घ्यावे. सुटे भाग प्लेटिंगसाठी किंवा मशिनिंगसाठी बाहेर पाठवायचे, म्हणजे जॉबवर्कचे चलन करायचे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार हा कच्चा माल वर्षभरात परत यावा लागतो, अन्यथा तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरून करदायित्व उद्भवते. ईआरपी प्रणाली बसवायला आलेल्या नवख्या मुलाला हे ठाऊक असेल, तर तो कोणते चलन किती दिवसांचे झाले हे दाखवणारा अहवाल पहिल्याच आठवड्यात मागेल. ठाऊक नसेल, तर वर्षअखेरीस मालकाला त्याची किंमत मोजावी लागेल.

त्याच कारखान्यात स्टोअरकीपरच्या टेबलाच्या खणात बहुधा एक वही असते. प्रणालीत न बसणाऱ्या साऱ्या नोंदी तीत असतात. ती वही कुठल्याही नियमावलीत नसते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपुढेही येत नाही. ‘काका, हे तुम्ही वेगळं का लिहून ठेवता?’ असे मराठीत, आदराने विचारणाऱ्यापुढेच ती उघडते. इंग्रजी संभाषणाच्या धास्तीने या क्षेत्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्रजी लागतेच, लेखी इंग्रजी तर नेटकेच हवे. पण सहकारी बँक, साखर कारखाना, रुग्णालय किंवा महापालिका यांच्या प्रणाली ज्यांच्यासाठी होतात, त्यांची भाषा कळणे ही या कामात जमेची बाजू ठरते.

बँकेत कर्जप्रकरणे हाताळणारा, रुग्णालयात बिलिंग पाहणारी, विम्याचे दावे तपासणारा अशा कर्मचाऱ्यांकडे विश्लेषकाची निम्मी शिदोरी आधीच असते. नोकरी सोडून महागडा अभ्यासक्रम करण्यापूर्वी त्यांनी आपल्याच कार्यालयात नवी प्रणाली येत असेल, तर तिच्या चाचणीच्या कामात नाव द्यावे. पूर्ण नवख्यांनीही जवळची एखादी व्यवस्था निवडावी. गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काची वसुली असो वा दवाखान्यातील केसपेपरची नोंदणी. ती आज कशी चालते, कोठे अडते, काय बदलावे आणि तो बदल उपयोगी पडला हे कसे ओळखावे, एवढे चार-पाच पानांत मांडावे. एसक्यूएल आणि एक्सेल हाताशी असावेतच. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा अशी चार पाने अधिक बोलतात, कारण त्यांत उमेदवाराने कोणते प्रश्न विचारले ते दिसते.

मात्र साराच भार उमेदवारांच्या खांद्यावर टाकून कंपन्यांना नामानिराळे राहता येणार नाही. आज दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या प्रत्येक कंपनीची अपेक्षा असते, की तो अनुभव दुसऱ्या कुणीतरी द्यावा. सर्वांनीच असे ठरवले, तर पाच-सात वर्षांनी अनुभवी विश्लेषक आणायचे कोठून? मसुदे यंत्राने लिहिले तरी चालेल. पण नवख्याला ग्राहकाच्या बैठकीत शेजारी बसवण्याला आणि यंत्राच्या मसुद्यातील चुका त्याच्याकडून शोधून घेण्याला पर्याय नाही. त्यासाठी वरिष्ठांचा वेळ खर्चावा लागेल, आणि तो खर्च तिमाही ताळेबंदात नफा म्हणून दिसणार नाही. तो करण्याची तयारी नसेल, तर निदान जाहिरातीतून ‘प्राथमिक स्तर’ हे शब्द तरी काढून टाकावेत. पहिल्या नोकरीच्या आशेने अर्ज भरणाऱ्या हजारो तरुणांची तेवढी तरी फसगत टळेल.