रिकाम्या टाकीले वेल्डिंग लावू नका

राजेहो, आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या ओम्नीत इंजेक्शनचं इंजिन टाकायचं ठरलं. मिस्त्री म्हणे, "भाऊ, टाकी रिकामी हाय. भोक पाडू, वेल्डिंग मारू, आत पंप बसवू." मी गाडी परत आणली.

अहो, पेटते ती पेट्रोलची वाफ! भरल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण आत वाफ अन हवा दोन्ही असतात. धुतली तरी सांध्यात पेट्रोल राहतेच.

दुसरं, कार्बोरेटरले पाव बारच्या आसपास दाब पुरतो, इंजेक्शनले ३ बारच्या आसपास लागतो. जुने रबरी पाइप तिथं टिकत नाहीत. पंप पेट्रोलातच थंड राहतो. टाकीत आडपत्रे नसले अन पेट्रोल कमी असलं, की टुनकीकडच्या चढावर ते मागं सरकते, पंप हवा ओढते अन जळते.

मंग करावं काय? त्याच गाडीच्या इंजेक्शन मॉडेलची टाकी पंपासकट घ्या, पाइपही त्याच दाबाचे टाका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाले आरटीओची परवानगी घ्या.

जुगाड वखराले करा, टाकीले नको. वेल्डिंगनं चार पैसे वाचतील, पण मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं गेलं तर कोण भरून देईल?