तापीकाठ : बंदुकीआधी काडतूस बघा

आमच्या बुऱ्हाणपुरात शिकारीची बंदूक आता भिंतीवरच शोभते. तापीपलीकडचा आहुखाना मोगलांचं हरणांचं रान होतं. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि मागे उरलेल्या शिकाऱ्यांची हौसही ओसरली. बारा बोरची बंदूक आज खरी कामाला आहे ती वनखात्याच्या नाकेदाराकडे, म्हणजे वनरक्षकाकडे. त्याला जुनी दुनळी बरी की नवी पंप-ॲक्शन, यावर टपरीवर चहाचे दोन कप सहज जातात.

माझं मत दुनळीला. नळी मोडून उघडली की भरलेली आहे की रिकामी, ते अंधारातही बोटांना कळतं. पंपात फैरी जास्त, हे खरं. पण घाबरलेला हात दांडा अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकतं. ज्याला सरावाला बार मिळत नाहीत, त्याला जादा फैरी देऊन करायचं काय?

खरी निवड मात्र काडतुसाची. एलजी काडतूस घातलं तर सहा जाड गोळ्या, आठ नंबर घातला तर चारशेच्या वर बारीक छर्रे. पहिलं रानडुकराला लोळवतं, दुसरं पाखरांसाठी; बंदूक तीच. शिवाय तीस-चाळीस मीटरवर छर्रे माणसाच्या रुंदीपलीकडे फाकतात. गर्दीत नेम एकावर धरला तरी लागतं शेजाऱ्याला. जुलै २०१९मध्ये नेपानगर भागातल्या सिवलला जंगलातलं अतिक्रमण काढताना छर्रे लागून चार आदिवासी जखमी झाले. बारा बोर हातात घेऊन 'पायावरच मारलं' असं कुणी म्हणालं, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग २०२२ उजाडलं. ऑगस्टमध्ये विदिशा जिल्ह्यातल्या लटेरीत वनकर्मचाऱ्यांच्या गोळीबारात एक आदिवासी गेला. कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि संतापलेल्या वनरक्षकांनी मध्य प्रदेशभर आपल्या बंदुका खात्याकडे जमा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या बाकडी वनचौकीवर हल्ला झाला, बंदुका आणि काडतुसं लुटून नेली. आमच्याकडच्या पाचोरी गावात चोरून गावठी कट्टा घडवायचा तर निदान भाता आणि कसब लागतं; इथे सरकारी माल तयार मिळाला.

माझं म्हणणं असं, की रात्रीच्या गस्तीला दुनळी जरूर न्यावी, अतिक्रमण हटवायला जाताना नेऊ नये. तिथे पोलीस, लाठ्या आणि तहसीलदार हवेत. मग त्या दिवशी बंदुका ठेवायच्या कुठे? ठाण्यात म्हणावं, तर एप्रिल २०२३मध्ये जमावाने नेपानगर ठाण्यावरच चालून जाऊन आरोपी सोडवून नेले. उरली बुऱ्हाणपूरची पोलीस लाइन. रोजच्या गस्तीसाठी तिथवर येणं कुणाला जमणार नाही, हे मान्य. तेव्हा चौकीत गस्तीपुरत्या दोन दुनळ्या ठेवा, बाकीचा साठा लाइनीत; आणि कुणाला कुठल्या नंबरचं काडतूस दिलं, त्याची नोंद वनपालाच्या सहीनिशी.

– तापीकर