वही आपली, किल्ली कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कन्नडच्या बाजारपेठेत अजूनही लाल बांधणीच्या वह्या पाटावर मांडल्या जातात. फरक इतकाच, की बहुतेक दुकानांतून आता त्या वहीच्या शेजारी संगणकाच्या कळफलकालाही हळदकुंकू वाहिले जाते. यात गैर काहीच नाही. अद्रक-मक्याची आडत असो, खते-बियाण्यांचे दुकान असो की कापडाची पेढी, वर्षभराचा खरा हिशेब आता त्या कळफलकावरच उतरतो. मात्र लाल वहीविषयी जो प्रश्न आपल्या वाडवडिलांना कधी पडला नाही, तो आज विचारणे भाग आहे. ही नवी वही नेमकी कोणाच्या मालकीची?

जुन्या वहीचा व्यवहार सरळ होता. वही विकत घेतली की तिच्या पानांवर विक्रेत्याचा काडीचाही हक्क उरत नसे. मुनीमजी बदलले, दुकानाची जागा बदलली, तरी वही पेढीतच राही. आणि रोजमेळ वाचता येणारा कोणीही ती उघडून वाचू शके. संगणकातील वही उघडण्यासाठी मात्र मध्ये एक किल्ली लागते. ती किल्ली म्हणजे सॉफ्टवेअर. किल्ली भाड्याची की मालकीची, तिची दुसरी प्रत करता येते की नाही, हे सारे ती बनवणाऱ्याच्या परवान्यावर ठरते.

या परवान्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला व्यावसायिक. येथे कंपनी आपल्याला वापरण्याचा हक्क विकते. सॉफ्टवेअर आतून कसे घडले आहे, ते मात्र गुप्त ठेवते. दुसरा प्रकार मुक्तस्रोत. येथे सॉफ्टवेअरबरोबर त्याची संपूर्ण रचनाही खुली केलेली असते. ती कोणीही पाहावी, वापरावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी परवान्यातच मुभा असते. व्यावसायिक सॉफ्टवेअर म्हणजे लोणच्याची बंद बरणी. मुक्तस्रोत म्हणजे बरणीसोबत दिलेली कृती. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ उभी केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून तिला बळ दिले. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे मोठा गोंधळ होतो. मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत, तेव्हा आपण तरी तो गोंधळ करू नये. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते. पण त्याचा खरा गुण मुक्तपणा हा आहे.

हे दोन मार्ग आपल्या व्यापारी घरांना परके नाहीत. उलट दोन्ही मार्गांची उत्तम भारतीय उदाहरणे व्यापारी कुटुंबांच्या गरजेतूनच जन्मली आहेत. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या धंद्याचा हिशेब ठेवील असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते तयार करण्यास सांगितले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातून पुढे टॅली घडले आणि २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. त्यांनाही धंद्याला साजेशी प्रणाली हवी होती आणि त्यांनीही ती स्वतःच लिहावयास घेतली. २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कामातून ‘ईआरपीनेक्स्ट’ उभे राहिले. गोयंका यांनी आपली निर्मिती परवाना विकून जगवली. मेहता यांनी रचना खुली ठेवली आणि उत्पन्न काढले ते प्रणाली चालवून देण्याच्या सेवेतून. गरज एकच, मार्ग दोन, आणि दोन्ही सचोटीचे. महाराष्ट्रात ‘ग्नूखाता’ हे मुक्तस्रोत हिशेबसॉफ्टवेअरही घडले. त्यामागे मुंबईचे दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ कृष्णकांत माने यांचा पुढाकार होता.

मग सामान्य दुकानदाराने काय करावे? ‘सगळे सोडा आणि मुक्तस्रोत घ्या’ असा उपदेश या स्तंभातून मी करणार नाही. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे मोल खरे असते. टॅली जाणणारा हिशेबनीस तालुक्याच्या गावातही मिळतो. आपले सनदी लेखापाल त्याच्या नोंदी डोळे मिटून वाचतात. कायदा बदलला की नवी आवृत्ती वेळेवर येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक नोंदीतील फेरफाराचा माग ठेवणारेच हिशेबसॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले, तेव्हा अशा कंपन्यांनी ती सोय तातडीने दिली. (हा नियम नोंदणीकृत कंपन्यांसाठी आहे, एकल मालकी व भागीदारी पेढ्यांसाठी नव्हे.) शिवाय, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले खरे, पण जीएसटीचे विवरण तयार करण्याचे ऑफलाइन साधन अजून विंडोज आणि एक्सेल गृहीत धरूनच चालते. अशा वेळी दुकानाच्या गल्ल्यावरील संगणकात एकाएकी उलथापालथ करणे शहाणपणाचे नाही.

मात्र मुक्तस्रोताकडे ‘गरिबाची सोय’ म्हणून पाहणेही तितकेच चुकीचे. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांत खटल्यांच्या नोंदी ज्या प्रणालीत ठेवल्या जातात, ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात मुक्तस्रोत साधनांवरच घडली. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे. पत्रे, याद्या, साधे तक्ते, मुलांचे प्रकल्प या घरगुती कामांसाठी २०१० पासून विकसित होत असलेले ‘लिबरऑफिस’ पुरेसे आहे. त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. दुसऱ्याकडून आलेल्या वर्ड किंवा एक्सेलच्या गुंतागुंतीच्या फायली त्यात उघडताना मांडणी कधी विस्कटते आणि एक्सेलमध्ये लिहिलेल्या आज्ञावली नेहमीच चालतात असे नाही. ज्यांचे रोजचे काम लेखापालांशी अशा फायलींच्या देवघेवीचे आहे, त्यांनी एक्सेलचा रीतसर परवाना घ्यावा हे उत्तम.

येथे एका तिसऱ्या मार्गाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण प्रत्यक्षात बाजारपेठेत तोच अधिक रुळलेला आहे. संगणक विकत घेताना दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो आणि विंडोज, ऑफिस, हिशेबाचे सॉफ्टवेअर अशा चोरट्या प्रती भरून देतो. ग्राहकाला वाटते, फुकट मिळाले. कायद्याला तसे वाटत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ‘६३ ब’नुसार जाणूनबुजून चोरटी प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर व्यापारासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता केवळ दंडावर सोडू शकते. म्हणजे पेढीवरील वापराकडे कायदा अधिक कठोरपणे पाहतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमधील ‘तदाहृतादान’ हा शब्द आपण पाठशाळेत ऐकलेला आहे. दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे, हा त्याचा अर्थ. वजनात गुंजभर फरक पडू नये म्हणून तराजू वारंवार तपासणाऱ्या पेढीने गल्ल्यावरच्या संगणकात चोरीचा माल का ठेवावा? पैसे देणे परवडत नसेल, तर मुक्तस्रोताचा राजरोस मार्ग खुला आहेच. त्याचे सर्वांत मोठे सामाजिक मोल मला येथेच दिसते.

आता मुळातल्या प्रश्नाकडे वळतो. परवाना कोणताही असो, आपली नोंद आपल्या हाती राहते का?

बँकेत कर्जविभागात असताना पाहिलेली एक हकीकत सांगतो. एका गावातील दोन भावांची सामाईक पेढी होती. वाटणीची वेळ आली आणि मागील सात-आठ वर्षांची येणी-देणी तपासण्याची गरज पडली. हिशेब चोख होता. परंतु तो एका छोट्या विक्रेत्याकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होता. ते सॉफ्टवेअर संगणकाला मागून जोडायच्या एका कुलुपाशिवाय उघडत नसे. कुलूप निकामी झालेले, विक्रेत्याने धंदा बंद केलेला, आणि छापील प्रती केवळ ताळेबंदाच्या. खातेनिहाय नोंदी डोळ्यांसमोरच्या यंत्रात होत्या, तरी कोणालाच दिसत नव्हत्या. एरवी आठवड्यात संपली असती ती वाटणी दोन वर्षे लांबली. भावांमध्ये जो दुरावा आला त्याला पैशापेक्षा संशय अधिक कारणीभूत होता. आणि संशय फेडणारी वही बंद होती.

हाच अनुभव आपल्या मराठी लिपीनेही मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १९९० च्या दशकात मराठी टंकनासाठी जे फाँट प्रचलित होते, त्यांतील बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत. प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले होते, पण छपाईच्या बाजारात ज्याची त्याची रीतच चालली. परिणाम असा, की त्या काळी टंकलेली समाजाची परिचयपुस्तिका आज त्या विशिष्ट फाँटविना उघडावी, तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. पुढे युनिकोड हे खुले मानक रुळले. ज्यात ‘क’ला एकच क्रमांक, मग संगणक कोणाचाही असो. आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचा ‘मुक्त’ यासारखे देखणे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर मिळतात. भ्रमणध्वनीवरून आपण नातवंडांना मराठीत शुभेच्छा पाठवतो आणि त्या अमेरिकेतही जशाच्या तशा उमटतात, ते या खुल्या मानकामुळे. खुलेपणाचा लाभ असा असतो. तो मिळत असताना जाणवत नाही. नसला की जाणवतो.

आणखी एक प्रश्न आयुर्मानाचा. व्यावसायिक सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळायचे, हे कंपनी ठरवते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरी देशातील अनेक एटीएम यंत्रे त्यावरच चालत राहिली आणि अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला ती सर्व वर्षभरात बदलण्याचा आदेश काढावा लागला. बँकांची ही गत, तर दुकानाचे काय? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत नोंदणी करून मिळते. पण सात-आठ वर्षांपूर्वीची अनेक यंत्रे विंडोज ११ स्वीकारतच नाहीत. असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यावर ‘लिनक्स मिंट’ घालून पाहावे. वाचन, पत्रव्यवहार, इंटरनेट, मुलांचा अभ्यास यांसाठी ते आणखी काही वर्षे सहज चालते. टॅलीसारखे विंडोजचे सॉफ्टवेअर मात्र त्यावर सरळ चालणार नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

सुज्ञ वाचकांनी कोणतेही सॉफ्टवेअर घेताना, फुकटचे असो वा विकतचे, विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. माझ्या सर्व नोंदी मला एक्सेल किंवा तत्सम सर्वसामान्य रूपात, केव्हाही, तुमच्या मदतीशिवाय बाहेर काढता येतील का? वर्गणी थांबवली, तर जुना हिशेब निदान वाचता येईल का? नोंदी माझ्या संगणकात राहतात की तुमच्या? आणि कन्नडमध्ये बिघाड झाला, तर दुरुस्तीला येथे कोणी येईल, की साठ किलोमीटरवरच्या संभाजीनगरहून माणूस येईपर्यंत गल्ला थांबवायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर बाकीच्यांची उत्तरे ऐकण्याचीही गरज नाही.

बदल करायचा तर मार्चच्या धामधुमीत करू नये. १ एप्रिलपासून एक तिमाही जुनी आणि नवी पद्धत जोडीने चालवावी, दोन्हींचा ताळा जुळला तरच जुनी सोडावी. शिकण्याची अडचण मोठी नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिबरऑफिससह अनेक मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे, सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतून विनामूल्य उपलब्ध केले आहेत. घरातील सुना-मुलींनी ते पाहून पेढीचा हिशेब हाती घेतला, तर ‘हिशेबनीस रजेवर आहे आणि पासवर्ड त्याच्याकडे आहे’ ही सबबही संपेल.

एवढे केले नाही, तरी एक काम या महिन्यातच करावे. आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून गेल्या वर्षाच्या सर्व खतावण्या सर्वसामान्य रूपात बाहेर काढाव्यात, एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती उघडून पाहावी. उघडली, तर वही आपली आहे. न उघडली, तर ते आजच कळलेले बरे. वाटणीच्या, कर्जाच्या किंवा तपासणीच्या दिवशी कळण्यापेक्षा.