जातं गाण्याशिवायही फिरतं

मागच्या उन्हाळ्यात शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत गेलो होतो. भिंतीला लोखंडी कपाट, त्याला कुलूप. काचेतून कथा-कादंबऱ्यांच्या पाठी दिसत होत्या. ही पुस्तकं मुलांना देत नाही का, असं विचारल्यावर व्यवस्था बघणारे गृहस्थ म्हणाले, "पोरं भरतीची तयारी करतायत, सर. गोष्टी वाचून काय मिळणार त्यांना?" माणूस सरळ होता, पोरांच्या काळजीपोटीच बोलत होता. म्हणून तर त्यांचं म्हणणं नीट खोडून काढलं पाहिजे.

त्यांच्या बोलण्यात खरं काय आहे, ते आधी मान्य करतो. केंदूर-पाबळकडच्या जिरायत पट्ट्यात भरती नाहीतर तलाठ्याची परीक्षा, एवढीच वाट पुष्कळ पोरांना दिसते. परीक्षा महिन्यावर आली की कादंबरी बाजूला ठेवावी, हे मीही सांगेन. पण कपाटाला कुलूप वर्षभर होतं. ज्या वाचनाला गुण नाहीत ते वाचन वाया, असा त्या कुलपाचा अर्थ होतो. तो मला साफ अमान्य आहे.

'आधी पोट, मग पुस्तक' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की ते तपासायचं कुणाला सुचत नाही. ते तपासायला लांब जायला नको. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात पंडिता रमाबाईंचं केडगाव आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पोटाचा प्रश्न त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायका त्यांनी आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथं धान्य होतं तशी शाळा होती, छापखाना होता, त्यात बायका काम करत होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिथल्या आंधळ्या मुलींना तिनं बोटांनी वाचायला शिकवलं. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, 1922 साली देह ठेवेपर्यंत. यावर कुणी म्हणेल, ते धर्मकार्य होतं, त्यात रसास्वाद कुठला? हेतू धर्माचा होता, हे कबूल. तरी भुकेनं मोडलेल्या बायकांना 'आधी पोट भरू द्या, अक्षरांचं पुढं बघू' असं रमाबाई म्हणाल्या नाहीत. दोन्ही एकाच आवारात, एकाच वेळी दिलं.

या आक्षेपाहून मला जास्त भीती वाटते ती आपल्याच बाजूच्या वकिलांची. ते म्हणतात, वाचनानं भाषा सुधारते, संगीतानं ताण उतरतो, गाण्यानं श्रम हलके होतात. म्हणजे कला उपयोगाचीच आहे. हेतू चांगला, पण या युक्तिवादानं खटला हातचा जातो. उद्या भाषा सुधारायला दुसरं साधन मिळालं, की पुस्तक पुन्हा कपाटात.

जात्यावरच्या ओव्यांकडे बघा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्याही आहेत. दळणाचा शीण घालवायला नुसतं हुंकारणं पुरलं असतं. मग पहाटेच्या अंधारात ती बाई भावाचं नाव ओवीत कुठं बसवायचं याचा विचार का करते? यमक जुळेपर्यंत ओळ का फिरवून बघते? जातं गाण्याशिवायही फिरतं, पीठ तेवढंच पडतं. गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. तरी म्हाताऱ्या बायकांना ओव्या पाठ होत्याच. गाणं हे निव्वळ अवजार असतं, तर जात्याबरोबर तेही कोपऱ्यात गेलं असतं. बायकांनी ते ठेवलं, कारण ते त्यांचं होतं आणि म्हणताना त्यांना सुख होत होतं. त्या सुखाला आणखी कसला दाखला मागायचा?

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो सुशिक्षित घरांतून येतो: पुस्तक ठीक, शास्त्रीय गाणं ठीक, पण लावणी-तमाशा ही कला नव्हे, चाळा. असं म्हणणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातलंच कवठे येमाई आठवावं. तिथल्या बी. के. मोमीन कवठेकर यांनी तमाशासाठी आयुष्यभर लिहिलं, गण-गवळणीपासून लावण्या-वगांपर्यंत. राज्य शासनानं त्यांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. मोमीन घरातला माणूस गणपतीचा गण आणि कृष्णाची गवळण लिहितो, आणि जत्रेतलं सगळं गाव त्यावर डोलतं. हा चाळा असेल तर साधना कशाला म्हणायचं?

एकदा न्हावऱ्याकडून भीमा ओलांडून चौफुल्याला संगीतबारी ऐकायला गेलो होतो. बाई बसूनच गात होत्या. पेटी, ढोलकी आणि लावणीची एकच ओळ. पहिल्यांदा ती ओळ नुसती नजरेनं सांगितली. दुसऱ्यांदा हाताच्या बोटांनी. तिसऱ्यांदा काहीच हललं नाही, फक्त आवाज खाली आला. शेजारी केडगावकडच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या बसला होता, काहिलीच्या धगीनं हात राठ झालेले. चौथ्यांदा ओळ आली तेव्हा माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "आता रुसली बघा." शब्द तेच होते. बदल झाला होता तो सुरात, आणि तो त्यानं माझ्याआधी टिपला. काहिलीतला पाक उतरवायची वेळ ज्या कान-डोळ्यांनी ओळखायची, त्याच कान-डोळ्यांनी तो ऐकत होता. त्याला रसिक म्हणायला कुठली पदवी लागते?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाणाऱ्या बाईला मान न देता लुटलेल्या आनंदाचं समर्थन मी करणार नाही. या कलेतल्या बायकांनी हिणवणं पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे, आणि त्याचा दोष गाण्याचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. ज्याला ओळ कळली त्यानं बाईंना नमस्कार करून उठावं. त्या रात्री गुळव्यानं तसं केलं.

म्हणून गावोगावच्या अभ्यासिका आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाचं कुलूप काढा, आणि पोरगं पुस्तक घेऊन गेलं तर 'यातून काय शिकलास?' असं विचारू नका. आणि वाचकहो, येत्या चैत्रात तुमच्या गावच्या जत्रेत तमाशा असेल, तर गण-गवळण झाल्यावर उठू नका. वग संपेपर्यंत बसा.