परातभर बर्फ

टोरंटोत जानेवारी आला की बऱ्याच मराठी घरांतली लहान मुलं आतच अडकतात. सर्दी होईल या धास्तीने तीन वर्षांचं पोर काचेला नाक लावून बर्फ बघतं आणि थोड्या वेळाने टॅबलेटकडे वळतं. मग आईबाबांना चुटपुट लागते आणि स्पर्शाच्या खेळांचं ‘सेन्सरी किट’ मागवलं जातं. हा खर्च खरोखर अनाठायी आहे.

थंडीला किती भ्यायचं, याचं माप कॅनेडियन पीडिॲट्रिक सोसायटीने दिलेलं आहे. तापमान उणे २५ अंशांखाली किंवा वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ किंवा त्याखाली गेली, तर मुलांना आत ठेवावं. टोरंटोत असे दिवस मोजकेच. एरवी स्नोसूट चढवावा आणि बाहेर पडावं.

आणि त्या मोजक्या दिवसांत? घरातली मोठी परात बर्फाने भरून आत आणावी. सोबत वाटी, डाव, गाळणी. कडक थंडीत पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, त्याचा गोळा वळत नाही. घरातल्या उबेने कणांवर पाण्याचा पातळ थर आला की तोच बर्फ चिकटतो, गोळा होतो आणि बघता बघता त्याचं पाणी होतं. बोटं गारठली की बाजूच्या कोमट पाण्यात बुडवावीत. चिमूटभर हळद टाकली तर रंग कसा पसरतो तेही दिसतं.

मराठीची खरी शिकवणी इथेच होते. इथल्या मराठी मंडळाच्या शाळेतली मुलं आकडे आणि रंग घडाघडा म्हणतात. पण भुसभुशीत, खरखरीत, बुळबुळीत, कोमट हे शब्द चित्रांच्या पत्त्यांतून कसे कळणार? हात त्या वस्तूत असतानाच शब्द कानावर पडायला हवा, आजीने किंवा बाबांनी तेव्हाच तो उच्चारायला हवा.

हाताने शिकण्याची ही कल्पना नवी नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमला बालगृह उघडलं आणि स्पर्शाला, वजनाला शिक्षणात जागा दिली. ताराबाई मोडकांनी ती पद्धत १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांपर्यंत नेली. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पानं, बिया हाताशी घेतल्या. टोरंटोतल्या घरात डाळ, रवा आणि तीळ तर आहेतच.

दुकानी साधनं निर्धोक असतात असंही नाही. पाण्यात फुगणारे रंगीत मणी गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्याबद्दल इशारा दिलेला आहे. तीच दक्षता घरातही हवी. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात शेंगदाणे, हरभरे, हलव्याचे दाणे अडकू शकतात.

म्हणून मंडळाच्या संक्रांतीला एक बदल करावा. बोरन्हाणात लहानग्यांवर फक्त चुरमुरे ओतावेत. बोरं, हलवा मोठ्या मुलांच्या वाट्याला ठेवावा. आणि फोटो निघाला म्हणून खाली अंथरलेली चादर लगेच झटकू नये. एक मोठं माणूस शेजारी बसवून मुलांना पंधरा मिनिटं त्या चुरमुऱ्यांत लोळू द्यावं, मुठी भरू द्याव्यात, पायाखाली ते कसे कुरकुरतात ते ऐकू द्यावं.