उन्हाच्या गांवांत मुडदूस कां?

रत्नागिरीसारख्या गांवीं, जेथें वर्षाचे सातआठ महिने अंगणांत लख्ख ऊन असतें, तेथें उन्हाच्या अभावानें एखाद्या बालकाचे पाय वांकावे, हें प्रथमदर्शनीं असंभाव्य वाटतें. परंतु ऊन अंगणांत असणें निराळें आणि तें मुलाच्या अंगावर पडणें निराळें.

मुडदुसांत मनगटाशीं हाडें रुंद होतात, फासळ्यांवर मण्यांसारख्या गांठी येतात, टाळू उशिरां भरते, आणि मूल चालूं लागलें म्हणजे भारानें पाय धनुष्यासारखे वांकतात. उन्हाच्या किरणांनीं त्वचेंत तयार होणारें 'ड' जीवनसत्त्व न मिळाल्यास अन्नांतील चुना अंगीं लागत नाहीं, हें त्याचें मुख्य कारण होय. जपानांत सेवा केलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनीं १८९० सालींच सूर्यप्रकाशाच्या उणीवेकडे बोट दाखविलें होतें. पुढें हचिसन व शहा यांची नाशिक भागांतील पाहणी १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या सुखवस्तु घरच्या बालकांत त्यांस हा रोग आढळला. उलट उघड्यावर वाढणारीं गरिबांचीं मुलें, अन्न निकस असूनहि, त्यापासून बहुतांशीं मुक्त होतीं. दूधतुपानें जें साधलें नाहीं तें उन्हानें साधलें.

मूल काळवंडेल, त्याला दृष्ट लागेल, या भयानें वडील माणसें त्याला माजघरांत ठेवितात. त्यांची माया खोटी नाहीं. परंतु गोऱ्या रंगाच्या हौसेची किंमत मुलाच्या हाडांनीं कां द्यावी?

सकाळचें कोवळें ऊन सुखद खरें, पण त्यांत उपयुक्त किरण थोडे; खिडकीच्या कांचेंतून तर ते जवळजवळ येतच नाहींत. दिवस चांगला वर आल्यावर डोकें झांकून, हातपाय उघडे ठेवून मुलाला थोडा वेळ बाहेर न्यावें. अंग भाजेल इतका वेळ मात्र नव्हे. पावसाळ्यांत उन्हाचा भरंवसा नाहीं, आणि आईच्या दुधांत हें जीवनसत्त्व फारच अल्प. म्हणून पहिल्या वर्षीं तान्ह्या मुलास रोज ४०० एकक मिळतील इतके थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावे. मोठ्या मुलांच्या ताटांत तारली, बांगडा, अंडें असावें.

विद्यार्थिमित्रांनो, धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन तुम्हीच हिंडतां; आमचें हें म्हणणें घरीं आदरानें वाचून दाखवा. पालकांसहि आमची विनंति कीं, वरील चिन्हें दिसतांच गंडेदोरे बांधीत न बसतां मुलास दवाखान्यांत न्यावें. वेळीं उपचार झाल्यास वांकलेले पाय बहुधा सरळ होतात.